दाबपात्रांची वापरकाळातील कायदेशीर तपासणी: या चुका टाळा

कोल्हापूर परिसरात दाबाखाली चालणारी पात्रे किती आहेत, याचा अंदाज बाहेरच्या माणसाला सहसा येत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या फौंड्र्या व मशीन शॉपमध्ये कॉम्प्रेसरशेजारी उभे असलेले एअर रिसीव्हर (दाबाची हवा साठवणाऱ्या टाक्या), सँड ब्लास्टिंगचे पॉट, दूध प्रकल्पांच्या शीतकरण विभागातील अमोनियाची पात्रे, साखर कारखान्यांतील वाफेवर चालणारी उपकरणे आणि इचलकरंजीतील सायझिंगचे (सुताला खळ लावून ते वाळवणारे) सिलिंडर या सर्वांना एक बंधन समान आहे. पात्र विकत घेताना मिळालेला चाचणीचा दाखला पुरेसा नसतो. ते वापरात असेपर्यंत ठरावीक मुदतीत त्याची सक्षम व्यक्तीकडून तपासणी करून घ्यावी लागते आणि तिचा अहवाल कारखान्यात ठेवावा लागतो. हे बहुतेकांना माहीत असते, फाइलही बहुतेकांकडे असते. चुका होतात त्या फाइलमधला कागद आणि शेडमधले पात्र यांचा मेळ न राहिल्यामुळे, आणि पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत त्यांतील बहुतेकांचे मूळ तिथेच सापडते.

कोणते पात्र कोणत्या कायद्याखाली, हे न ठरवणे

सर्वांत महागात पडणारी चूक ही आहे, कारण इथे गफलत झाली की पुढच्या सगळ्या मुदती चुकतात. सर्वसाधारण दाबपात्रांसाठी नोव्हेंबर २०२५ पर्यंत आधार होता तो कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ३१ चा; त्यानंतरच्या नव्या संहितेविषयी पुढे सांगितले आहे. वातावरणापेक्षा अधिक दाबावर चालणाऱ्या यंत्रसामग्रीचा सुरक्षित कार्यदाब ओलांडला जाऊ नये यासाठी परिणामकारक उपाय करावेत, असे ते कलम सांगत होते. तपशील महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ मधील नियम ६५ मध्ये आहे. वाफ तयार करणाऱ्या बॉयलरचा कायदा वेगळा असून १९२३ च्या जुन्या अधिनियमाची जागा आता बॉयलर अधिनियम, २०२५ ने घेतली आहे. एलपीजीचे बुलेट, द्रवरूप ऑक्सिजन किंवा नायट्रोजनच्या टाक्या यांसारखी १००० लिटरपेक्षा अधिक क्षमतेची साठवण पात्रे स्थिर व फिरती दाबपात्रे नियम, २०१६ खाली येतात आणि त्यांचा परवाना पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेकडून, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेल्या केंद्रीय यंत्रणेकडून घ्यावा लागतो. हाताळणीचे लहान सिलिंडर २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांखाली जातात.

एकाच आवारात चारही कायदे लागू असणे यात काही विशेष नाही. तरीही "टाकी पाच वर्षांनी टेस्ट करायची असते" असे वाक्य कॉम्प्रेसर रूममध्ये हमखास ऐकू येते. पाच वर्षांची ती मुदत गॅस साठवणाऱ्या मोठ्या टाकीच्या जलदाब चाचणीची (पाणी भरून दाब देण्याच्या चाचणीची) आहे, आणि गॅस विषारी किंवा गंज आणणारा असेल तर तीही दोन वर्षांवर येते. कारखान्यातल्या एअर रिसीव्हरशी तिचा संबंध नाही.

दुसरा गैरसमज आकाराविषयी आहे. रिसीव्हर २२० किंवा ५०० लिटरचा आहे, म्हणजे तो नियमातून सुटला, असे गृहीत धरले जाते. नियम ६५ मधील सवलतींची यादी मर्यादित आहे. पाणी उपसण्याच्या यंत्रणेत हवेची उशी म्हणून बसवलेली ५०० लिटरपर्यंतची टाकी त्यात आहे, २४ तासांत ३ टनांपर्यंतच्या क्षमतेची शीतकरण यंत्रणा आहे, केवळ द्रवाच्या उंचीमुळे दाब येणारी पात्रे आहेत. ५०० लिटरचा तो आकडा कुठून तरी ऐकून तो एअर रिसीव्हरला लावला जातो. न्यूमॅटिक ग्राइंडर आणि कोअर शूटरला हवा पुरवणारी टाकी मात्र लहान असली तरी यादीत नाही, म्हणजे ती नियमाखाली आहे. दूध प्रकल्पांतील अमोनियाची यंत्रणा ३ टनांच्या कितीतरी पुढे असते, त्यामुळे तिचे रिसीव्हर व इतर पात्रेही तपासणीच्या यादीत यायला हवीत. "ते रेफ्रिजरेशनवाल्याचे काम" म्हणून ती वगळली जातात.

तिसरी फसगत नॉन-आयबीआर, म्हणजे भारतीय बॉयलर विनियमांबाहेरच्या, बॉयलरची. २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचे पात्र बॉयलरच्या व्याख्येत बसत नाही, म्हणून लहान कॉइलचे वाफजनक "नो इन्स्पेक्शन" या भरवशावर विकले जातात. बॉयलर निरीक्षकाचा दाखला त्याला लागत नाही हे खरे. पण त्याच वाफेवर चालणारे जॅकेटचे (दुहेरी भिंतीचे) भांडे, ऑटोक्लेव्ह किंवा ड्राइंग सिलिंडर हे दाबपात्रच आहे आणि ते नियम ६५ मधून सुटत नाही. आयात यंत्रावरील सीई चिन्हाचेही तसेच आहे. ते चिन्ह यंत्र युरोपीय बाजारात आणताना त्याची रचना व निर्मिती तिथल्या निर्देशांना धरून आहे एवढे सांगते; आपल्याकडे ते चालू झाल्यावरच्या नियतकालिक तपासणीबद्दल त्यात काहीच नसते.

इथेच नव्या संहितेचा उल्लेख करायला हवा. व्यवसायजन्य सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि कारखाना अधिनियम तिच्यात समाविष्ट झाला. त्यामुळे "फॅक्टरी ॲक्टच गेला, मग फॉर्म कशाला" असा सूर काही ठिकाणी निघतो. संहितेशी विसंगत नसतील तितके जुने नियम संक्रमणकाळात चालू राहतात, आणि मालकावरील सुरक्षिततेची जबाबदारी संहितेतही आहेच. तपासणीची मुदत आली असेल तर ती जुन्या मुदतीप्रमाणे करून घ्यावी आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कोल्हापूर कार्यालयाकडून नमुन्याबाबत काही बदल आहे का एवढेच विचारून घ्यावे.

उद्यमनगरातल्या छोट्या शॉपना एक मुद्दा लागू होतो. महाराष्ट्रात वीज वापरणाऱ्या ठिकाणी २० कामगार असले की कारखान्याची व्याख्या लागू होते; त्या मोजणीत कंत्राटदाराची माणसेही धरली जातात, हे विसरले जाते. बॉयलर आणि गॅस टाक्यांचे कायदे तर कामगारांची संख्या पाहतच नाहीत.

मुदतींचा घोळ

नियम ६५ चे वेळापत्रक असे आहे: बाहेरून संपूर्ण तपासणी दर सहा महिन्यांनी, आतून दर बारा महिन्यांनी आणि जलदाब चाचणी दर चार वर्षांनी. रचनेमुळे आतून पाहणे शक्य नसेल, म्हणजे मॅनहोल किंवा हँडहोल नसेल, तर आतील तपासणीऐवजी दर दोन वर्षांनी जलदाब चाचणी करता येते. अखंड प्रक्रियेतील, वारंवार उघडता न येणाऱ्या पात्रांसाठी आतील तपासणीची मुदत चार वर्षांपर्यंत जाऊ शकते. आणि बांधणी व वापरामुळे जलदाब चाचणीच करता येत नसेल, तर निदान दोन वर्षांतून एकदा बाहेरून संपूर्ण तपासणी आणि चार वर्षांतून एकदा अल्ट्रासोनिकसारख्या अविनाशी पद्धतीने पद्धतशीर तपासणी असा पर्याय आहे.

व्यवहारात वर्षातून एकदाच माणूस बोलावला जातो आणि सहामाही बाहेरील तपासणी सुटते. साखर कारखान्यांत ही चूक ठरलेली आहे: गाळप संपल्यावर ओव्हरहॉलिंगच्या काळात आतील तपासण्या नीट होतात, पण पुढची सहामाही मुदत ऐन हंगामात येते आणि कामाच्या धबडग्यात कोणाला आठवत नाही. बाहेरील तपासणीसाठी पात्र बंद ठेवावे लागत नाही. ती चालू हंगामात, दाबाखाली असतानाच करता येते, किंबहुना गळती, कंपन आणि सेफ्टी व्हॉल्व्हचे वर्तन तेव्हाच नीट दिसते.

सवलतीच्या मुदती आपल्या सोयीने लावून घेणे हा याच घोळाचा दुसरा भाग. रिसीव्हरला हँडहोल असताना तो उघडायचा कंटाळा म्हणून "आतून शक्य नाही" असे लिहून घेणे हे नियमात बसत नाही. बहुराष्ट्रीय ग्राहकांचे काम करणाऱ्या कारखान्यांत एपीआय ५१० चा दाखला देऊन दहा वर्षांची मुदत सांगितली जाते. त्या अमेरिकी संहितेत आतील तपासणीचे अंतर दहा वर्षे किंवा उरलेल्या आयुष्याचे निम्मे, यांपैकी जे कमी ते, असे आहे हे खरे. पण ती तांत्रिक संहिता आहे, आणि राज्याचा नियम बारा महिने म्हणतो तिथे तो नियमच चालतो. एपीआयची पद्धत जाडीचा हिशेब ठेवण्यासाठी वापरावी. मुदत वाढवण्यासाठी तिचा आधार घेता येत नाही.

पुढच्या तपासणीची तारीख प्रत्यक्ष तपासणीच्या दिवसापासून मोजली जाते. अहवाल तीन आठवड्यांनी टाइप होऊन आला आणि त्यावरच्या सहीच्या तारखेपासून वर्ष मोजले, तर दर वर्षी मुदत थोडी थोडी पुढे सरकते, आणि निरीक्षकाच्या नजरेला ही गोष्ट लगेच येते.

"सक्षम" कोणासाठी, हे न पाहणे

सक्षम व्यक्ती म्हणजे अनुभवी अभियंता एवढेच नव्हे. कारखान्यांच्या मुख्य निरीक्षकाने विशिष्ट तरतुदीखालील चाचण्यांसाठी मान्यता दिलेली व्यक्ती किंवा संस्था असा त्याचा अर्थ आहे. क्रेन, होइस्ट आणि लिफ्टिंग टॅकलची मान्यता असलेल्या माणसाकडून त्याच फेरीत रिसीव्हरचाही फॉर्म १३ (दाबपात्र तपासणीचा अहवाल) भरून घेतला जातो, कारण तो आलेलाच असतो आणि वेगळे पैसे मागत नाही. त्याच्या मान्यतापत्रात दाबपात्रे नसतील तर तो अहवाल असून नसल्यासारखा आहे. मान्यतापत्राची प्रत मागावी आणि त्यात दोन गोष्टी पाहाव्यात: दाबपात्रांची तरतूद नमूद आहे का, आणि तपासणीच्या दिवशी मान्यतेची मुदत चालू होती का. ही प्रत अहवालालाच जोडून ठेवावी. गॅस साठवणाऱ्या टाक्यांसाठीची सक्षम व्यक्ती वेगळ्या नियमांखाली मान्यता घेते, हेही लक्षात ठेवावे.

अहवाल हातात आल्यावर तो वाचणारा माणूस कारखान्यात असला पाहिजे. पात्राचा अनुक्रमांक प्लेटवरच्या क्रमांकाशी जुळतो का? आकार, निर्मितीचे वर्ष, कमाल अनुज्ञेय कार्यदाब बरोबर आहेत का? सहा रिसीव्हर असलेल्या शॉपमध्ये सहाही अहवालांत एकच जाडी आणि एकच मजकूर असेल, तर तपासणी झाली नाही असे मानायला जागा आहे. अहवालात काही अट घातली असेल, उदाहरणार्थ "ड्रेन बदलून मगच वापर", तर ती पूर्ण होईपर्यंत पात्र वापरता येत नाही. कार्यदाब कमी केला असेल किंवा दुरुस्तीशिवाय वापर सुरक्षित नाही असा निष्कर्ष असेल, तर सक्षम व्यक्तीने सात दिवसांत अहवालाची प्रत निरीक्षकाला पाठवायची असते. त्यामुळे "तो कागद आपल्यातच राहू दे" ही विनंती करणारा मालक त्या व्यक्तीला अडचणीत टाकतो आणि पुढे अपघात झाला तर स्वतःही अडकतो.

सेफ्टी, गेज आणि रिड्यूसर

पात्रावर काय काय असले पाहिजे, हे नियमात स्पष्ट आहे: कमाल अनुज्ञेय कार्यदाबाला किंवा त्याआधी उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह, त्या दाबाच्या किमान दीडपट आणि जास्तीत जास्त दुप्पट श्रेणीचा, त्या दाबावर ठळक लाल खूण असलेला प्रेशर गेज, तपासणीचा गेज जोडण्यासाठी स्वतंत्र निपल (छोटी जोडनळी) आणि ग्लोब व्हॉल्व्ह, पुरवठ्यापासून तोडणारा स्टॉप व्हॉल्व्ह, आणि सर्वांत खालच्या जागी ड्रेन.

यांतले निपल आणि ग्लोब व्हॉल्व्ह जवळपास कुठेच दिसत नाहीत, आणि ते नसल्यामुळे गेज चालू स्थितीत तपासता येत नाही, मग तो तपासलाच जात नाही. गेजच्या श्रेणीत सर्रास चूक असते. ८ किलोच्या (म्हणजे किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाच्या) पात्राला १२ ते १६ किलोच्या दरम्यानची श्रेणी हवी. बसवलेला असतो १० चा, कारण दुकानात तोच होता. काटा नेहमी टोकाजवळ राहतो, गेजमधली नळी लवकर थकते आणि दाखवलेला आकडा खोटा ठरतो.

सेफ्टी व्हॉल्व्हबाबत तक्रार एकच असते: "सेफ्टी गळते." त्यावर फिटर स्प्रिंग आवळतो. गळण्याचे कारण बहुधा कॉम्प्रेसरच्या कट-आउटमध्ये, म्हणजे तो ज्या दाबाला आपोआप थांबतो त्यात, असते: कट-आउट दाब सेफ्टीच्या सेट दाबाला इतका जवळ ठेवलेला असतो की प्रत्येक फेरीत सेफ्टीची सीट अर्धवट उचलली जाते आणि कचरा बसून खराब होते. कट-आउट खाली आणावा, सीट लॅप करून (घासून सपाट करून) घ्यावी, बेंचवर सेट करून सील लावावे. जागेवर आवळलेला सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीत सापडला तर तो अहवाल नापास होतो, आणि बॉयलरच्या बाबतीत सेफ्टीशी छेडछाड हा थेट फौजदारी गुन्हा आहे. सेफ्टी आणि पात्र यांच्यामध्ये "बदलताना सोपे पडते" म्हणून बसवलेला बॉल व्हॉल्व्हही तितकाच गंभीर; तो काढूनच टाकावा. कॉम्प्रेसर मोठा घेतला आणि टाकी जुनीच ठेवली, तर जुन्या सेफ्टीची सोडण्याची क्षमता नव्या कॉम्प्रेसरच्या पुरवठ्याला पुरते का, हे तपासावे लागते. प्रेशर स्विच हा सेफ्टी व्हॉल्व्ह नव्हे, हे सांगण्याची वेळ अजूनही येते.

ज्या पात्राचा कार्यदाब पुरवठ्याच्या दाबापेक्षा कमी आहे, त्याच्या आधी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह आणि त्या व्हॉल्व्हच्या कमी दाबाच्या बाजूला सेफ्टी, अशी जोडी लागते. १० किलोच्या बॉयलरवरून ३ किलोच्या जॅकेटला वाफ देताना रिड्यूसर बसवला जातो, त्याच्या पुढची सेफ्टी वगळली जाते. रिड्यूसरची सीट अडकली की जॅकेटवर पूर्ण १० किलो येतात.

जलदाब चाचणी हवेने करणे

"हायड्रो" म्हणून लिहिलेली चाचणी प्रत्यक्षात कॉम्प्रेसरनेच हवा भरून आणि जोडांना साबणाचे पाणी लावून केली जाते, तेव्हा ती नियमात बसत नाही, आणि जिवावरही बेतू शकते. १००० लिटरच्या टाकीत १० किलो दाबाने भरलेल्या हवेत साठलेली ऊर्जा, त्याच दाबाच्या पाण्यातील ऊर्जेच्या हजारो पट असते. पाणी दाबाने जवळजवळ आकसतच नाही. पाणी भरलेली टाकी फुटली तर चिरेतून धार निघते आणि दाब क्षणात उतरतो. हवेची टाकी फुटली तर डिश एंड, म्हणजे टाकीचे फुगीर टोक, उडतो.

पाणी भरताना सर्वांत वरच्या जागेतून हवा पूर्ण निघाली पाहिजे, गेज वरच्या बाजूला आणि तपासलेला असावा, दाब टप्प्याटप्प्याने हातपंपाने चढवावा आणि सेफ्टी काढून त्या जागी प्लग किंवा ब्लँक (तोंड बंद करणारी चकती) बसवावा, तिची स्प्रिंग आवळून चाचणी करू नये. नियतकालिक चाचणीचा दाब रचनादाबाच्या (पात्र ज्या दाबासाठी बनवले त्याच्या) सव्वापट किंवा कमाल अनुज्ञेय कार्यदाबाच्या दीडपट, यांपैकी जो कमी असेल तो. रचनादाब १०.५ किलो आणि अनुज्ञेय कार्यदाब ८ किलो असेल, तर पहिला हिशेब १३.१ आणि दुसरा १२ येतो. चाचणी १२ किलोला करायची. "जास्त दाब दिला म्हणजे जास्त सुरक्षित" या समजुतीने १६ पर्यंत चढवलेले जुने पात्र चाचणीतच कायमचे ताणले जाते. उभ्या मोठ्या पात्राचा पाया पाण्याचे वजन पेलेल का, हेही आधी पाहावे.

जाडी मोजणे, पण हिशेब न करणे

अल्ट्रासोनिक जाडीमापक आता सहज मिळतो आणि अहवालात आकडे येतात, पण त्या आकड्यांचे पुढे काही होत नाही. ७५० मिलिमीटर आतील व्यासाचा, १०.५ किलो रचनादाबाचा, मूळ ६ मिलिमीटर पत्र्याचा आडवा रिसीव्हर घेऊ. आयएस २८२५ या दाबपात्रांच्या भारतीय मानकाच्या सूत्रात अनुज्ञेय ताण १२ किलोग्रॅम प्रति चौरस मिलिमीटर आणि वेल्डिंग जोडाची कार्यक्षमता ०.८५ धरली, तर लागणारी किमान जाडी सुमारे ३.९ मिलिमीटर येते. आठ वर्षांनी मधल्या भागात ४.८ मोजले गेले, तर झीज वर्षाला ०.१५ आणि उरलेले आयुष्य साधारण सहा वर्षे. इथपर्यंत ठीक.

पण आडव्या रिसीव्हरमध्ये पाणी साचते तळाच्या पट्ट्यात, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यातल्या दमट हवेत ते रोज साचते. तिथे मोजले आणि ३.५ मिळाले, तर त्याच सूत्राने अनुज्ञेय दाब साडेनऊ किलोच्या आत येतो. कॉम्प्रेसर ८ लाच कट होतो म्हणून यंत्र चालत राहील. तरीही अहवालात कार्यदाब घटवणे, सेफ्टी नव्या दाबाला सेट करणे आणि गेजवरची लाल खूण हलवणे ही तीनही कामे त्याच दिवशी व्हायला हवीत. मापक फिरवणारा माणूस हाताला सोयीच्या उंचीवर, बाजूच्या चार ठिकाणी मोजून निघून जातो. मोजमापाची ठिकाणे ठरवून द्यावीत: तळाची रेषा, ड्रेनभोवतीचा भाग, दोन्ही डिश एंडचे वळण, आणि पात्र पायावर टेकते तिथला पत्रा. हे बिंदू पेंटने खुणावून दर वेळी त्याच जागी मोजले, तरच झीज कळते. आणि रोज ड्रेन उघडण्याचे काम एका नावानिशी माणसाकडे द्यावे. ऑटो ड्रेन बसवला म्हणून ते संपत नाही, कारण तोच गंजाने आधी तुंबतो.

सायझिंगचे सिलिंडर

इचलकरंजीसाठी नियम ६५ मध्ये जवळजवळ स्वतंत्र तरतूद आहे, तरी ती फारशी पाळली जात नाही. तांबे किंवा इतर अलोह धातूच्या पातळ भिंतीच्या सायझिंग सिलिंडरसाठी पहिल्या पाच वर्षांनंतर दर वर्षी मूळ कमाल अनुज्ञेय कार्यदाबाच्या ५ टक्के कपात करायची असते आणि पहिल्या वापरापासून वीस वर्षांपेक्षा अधिक काळ तो वापरता येत नाही. या अटींच्या बदल्यातच त्यांना नियतकालिक जलदाब चाचणीतून सूट आहे. मूळ दाब २ किलो असलेला सिलिंडर पंधरा वर्षे वापरून झाल्यावर १ किलोवर आलेला असतो. कपात मूळ दाबावर मोजायची, आदल्या वर्षीच्या घटलेल्या दाबावर नव्हे. या हिशेबात वारंवार चूक होते.

जुनी सायझिंग मशिन दुसऱ्या गावाहून विकत घेतली जाते तेव्हा सिलिंडर पहिल्यांदा कधी वापरात आला, हे कोणालाच ठाऊक नसते आणि मोजणी खरेदीच्या तारखेपासून सुरू होते. माहिती उपलब्ध नसेल तर सक्षम व्यक्तीने मुख्य निरीक्षकांशी विचारविनिमय करून वय ठरवायचे, अशी तरतूद आहे. ते लेखी करून घ्यावे. ताकदीवर परिणाम करणारी दुरुस्ती झालेला जुना सिलिंडर कार्यदाबाच्या दीडपट दाबाने तपासल्याशिवाय लावू नये. स्टेनलेस स्टीलच्या सिलिंडरला मात्र ही सूट नाही, त्याला सर्वसाधारण वेळापत्रक लागू होते. आणि वाफ बंद केल्यावर आत निर्वात होऊन सिलिंडर चेपू नये म्हणून बसवलेला व्हॅक्यूम ब्रेकर तपासणीच्या यादीत असावा.

पॅच, बंद टाकी आणि पुराचे पाणी

भोक पडलेल्या रिसीव्हरला बाहेरून पॅच लावून वेल्डिंग करणे हे अजूनही होते. पॅचभोवतीचा पत्रा तितकाच पातळ झालेला असतो आणि वेल्डिंगची उष्णता त्यावर नवे ताण सोडते. दुरुस्ती किंवा बदल झालेले, अथवा दोन वर्षांपेक्षा अधिक काळ बंद असलेले पात्र पुन्हा वापरात आणण्यापूर्वी बाहेरून, शक्य असेल तर आतून तपासणी आणि कमाल अनुज्ञेय कार्यदाबाच्या दीडपट दाबाची जलदाब चाचणी बंधनकारक आहे. स्टँडबाय म्हणून कोपऱ्यात पडलेला, मुख्य कॉम्प्रेसर बंद पडला की घाईत जोडला जाणारा रिसीव्हर या अटीत नेमका सापडतो.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात पंचगंगेचे पाणी ज्या शेडमध्ये शिरले, तिथे इन्सुलेशन असलेल्या पात्रांकडे वेगळ्या नजरेने पाहावे. इन्सुलेशनची भिजलेली लोकर वरून कोरडी दिसते आणि क्लॅडिंगखाली वर्षानुवर्षे गंज चालू राहतो. पाण्याची खूण कुठपर्यंत होती ते पाहून त्या उंचीपर्यंतचे आवरण काढावे; बाहेरील तपासणी पत्र्याची करायची असते, ॲल्युमिनियमच्या चादरीची नव्हे.

बॉयलर आणि आत उतरताना

बॉयलरचा दाखला साधारणपणे बारा महिन्यांचा असतो. मुदत शिल्लक असली तरी अपघात झाला, रचनेत बदल केला किंवा, काही लहान प्रकार वगळता, बॉयलर जागेवरून हलवला, की तो अंमलात राहत नाही; शेड बदलताना हे विसरले जाते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी बाष्पके संचालनालयाकडे जायला हवा. निरीक्षक येतील तेव्हा बॉयलर थंड, रिकामा, साफ केलेला, मॅनहोल उघडलेला आणि शेजारच्या चालू बॉयलरपासून वाफेच्या व पाण्याच्या दोन्ही बाजूंनी तोडलेला असावा. ३.५ किलोपेक्षा अधिक दाबाची वाफवाहिनीही याच कायद्याखाली येते, त्यामुळे स्थानिक फॅब्रिकेटरकडून वाढवलेली वीस फूट लाइन तपासणीत अडते.

पात्राच्या आत उतरताना केवळ व्हॉल्व्ह बंद करणे पुरेसे नाही. लाइन सोडवून ब्लँक बसवावा, हवा खेळती करावी, प्राणवायू आणि वायू मोजून लेखी प्रवेश परवाना द्यावा आणि बाहेर एक माणूस कायम ठेवावा. आत न्यायचा दिवा २४ व्होल्टच्या वरचा चालत नाही. कारखाना अधिनियमाच्या कलम ३६-अ मध्ये ते स्पष्ट लिहिलेले होते. तरीही ओल्या रिसीव्हरमध्ये साध्या वायरला लटकवलेला २३० व्होल्टचा बल्ब सोडला जातो. ट्रान्सफॉर्मरसह हँडलॅम्प स्टोअरमध्ये ठेवावा आणि तपासणीच्या आदल्या दिवशी तो चालतो का, हे पाहून घ्यावे.